पिवळ्या शेपटीचा प्रयोग

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.४०

माणूस आणि मेंढरू यांत फरक एवढाच, मेंढरू फॉरवर्ड करत नाही. वाक्य चांगलं जमलंय. कुठे तरी वापरायचं.

निमित्त समोरचे सावंत. आठवडाभर रोज पहाटे बेलाची पानं चावतायत. का, तर ग्रुपवर आलं. कुणी लिहिलं? माहीत नाही. "सर, सगळेच करतायत." एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. 'सगळे करतात म्हणून बरोबर' हा दोष फळ्यावर लिहून लिहून खडू झिजले. सावंतांचा मुलगा त्याच वर्गात होता. नापास झाला. योग्यच झालं.

'जागरूक माळनाका' हा आमच्या भागाचा ग्रुप मीच काढला. हेतू: नागरिकांत विवेक पसरवणे. सदस्य चारशे बारा. विवेक पसरलेले: मी.

संकल्प: आजपासून फोन दिवसाला अर्धाच तास.

८.५५. फोन पाहिला. फक्त निरीक्षणासाठी.

३ नोव्हेंबर, सोमवार

नुसतं हसून भागणार नाही. सिद्ध करून दाखवायला हवं. प्रयोग ठरला. मजकूर असा:

'सावधान! शेपटीला पिवळसर छटा असलेला बांगडा खाऊ नये. तो रसायनात बुडवलेला असतो. मेंदूवर परिणाम होतो. जनहितार्थ.'

यातली मेख अशी, की बांगड्याच्या शेपटीला पिवळसर छटा असतेच. प्रत्येक बांगड्याच्या. रत्नागिरीत ज्याने जन्मात एकदा तरी बांगडा ताटात घेतलाय त्याने हे वाचून हसायला हवं. तीन दिवसांनी मी खुलासा करणार. गाव खजील होणार.

दमयंतीला वाचून दाखवलं. बायको म्हणून नव्हे, सामान्य वाचक म्हणून. तिने विचारलं, "आणि हमिदाचं काय?" हमिदा वीस वर्षं आमच्या दारावर मासे घेऊन येते. मी म्हटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, विज्ञानात थोडी गैरसोय सोसावी लागते. दमयंती म्हणाली, "तुम्ही कुठे सोसताय?"

सामान्य वाचकाला पद्धतीशास्त्र कळत नाही. ११ वाजता पाठवला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कुणीही हसलं नाही.

अंगठे एकोणतीस, जोडलेले हात चौदा, 'धन्यवाद सर, वेळेत सांगितलंत' सहा. सावंतांनी आणखी तीन ग्रुपवर टाकला. मेंढरं! मेंढरं!

फोन एकूण चार तास. प्रयोगाचा वेळ संकल्पात धरत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

संतापजनक. केतन नावाचा एक पोरगेला इसम आहे, जिममध्ये दंड फुगवतो आणि खाण्याचे व्हिडिओ टाकतो. त्याने मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जाऊन, एक बांगडा शेपटीला धरून, रील केलं. अकरा हजार लोकांनी पाहिलं. वाक्य माझं, शब्दन् शब्द माझं, 'जनहितार्थ'सकट. माझं नाव कुठेही नाही!

खाली कॉमेंट टाकली: 'मूळ स्रोताचा उल्लेख असावा.' त्याने बदाम पाठवला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खुलाशाचा दिवस. पण तीन दिवसांत नमुना पुरेसा जमत नाही. मुदत एक आठवडा केली.

हमिदा नेहमी नऊला येते. आज बाराला आली, पाटी भरलेलीच. ओटीवर टेकली. दमयंतीला म्हणाली, "वैनी, कुणी पाटीवरचा फडका उचलून बघत पण नाय." मग माझ्याकडे वळून, "सर, तुमचा शब्द लोक मानतात. ग्रुपवर दोन ओळी लिवा ना." मी म्हटलं, बघतो. निरीक्षकाने निरीक्षणात ढवळाढवळ करायची नसते. हे तिला समजावलं नाही, तिला घाई होती.

दमयंती एरवी एक वाटा घेते, तिथे तिने तीन घेतले. माझ्याकडे न बघता.

जेवताना बांगड्याची शेपटी सहज निरखली. पिवळसर आहे. जरा जास्तच आहे का? नोंद म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

दापोलीजवळच्या मुरुडहून मथुराताईचा फोन. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. "बाळा, बांगडा घरात आणू नको हो. दापोलीत दोघांना ॲडमिट केलंय." मी विचारलं, कुणी सांगितलं? जावेच्या भावाच्या शेजाऱ्यांनी. पोट धरून हसलो. तिला म्हटलं, ताई, हे मीच लिहिलंय. ती म्हणाली, "तू लिहिलंस म्हणूनच तर खरं असणार."

फोन ठेवल्यावर मात्र एक प्रश्न पडला. ॲडमिटचं मी लिहिलं नव्हतं. मग ते आलं कुठून? कधी कधी माणूस गमतीने बोलतो आणि अंतःप्रेरणेने नेमकं सत्याला हात घालतो. विज्ञानाच्या इतिहासात असं झालेलं असणार.

दुपारी बांगड्याचं तिखलं होतं. मी नुसता आमटीभात घेतला. पोट जड वाटत होतं. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

हमिदा आली नाही. दमयंती बाजारात जाऊन आली. चप्पल न काढताच बोलायला लागली. बांगड्याच्या पाट्याच्या पाट्या तशाच पडल्यात, आंब्याच्या बागांना खत म्हणून नेतायत. हमिदा एका कोपऱ्यात बसली होती, कुणाला हाक मारत नव्हती. "आज खरं लिहा. नाहीतर मी लिहिते."

मी म्हटलं, तू लिहिलंस तर कोण वाचणार? असल्या कामाला अधिकारवाणी लागते. उद्या सविस्तर खुलासा करतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

खुलासा टाकला. चौदाशे शब्द, पाच उपशीर्षकं, शेवटी तर्कदोषांची यादी. समाजाला आरसा दाखवणारं लेखन. निवृत्तीनंतरचं माझं सर्वोत्तम.

१०.१५. कुणी काही लिहीत नाही. वाचत असतील.

११.३०. सावंत: 'सर एवढं मोठं कोण वाचणार, दोन ओळीत सांगा.'

११.४०. दोन ओळींत सांगितलं: 'बांगड्याचा मेसेज खोटा होता. मीच लिहिला होता.'

११.५२. केतन: 'सर असं लिहिणार नाहीत. सरांचा फोन हॅक झालाय. कुणी लिंक उघडू नका.' त्यात लिंक नव्हतीच!

१२.०५. सगळ्यांना एकामागून एक पटलं. ग्रुपचा दुसरा ॲडमिन स्वरूप, माझाच विद्यार्थी, त्याने सुरक्षेच्या कारणास्तव मला ग्रुपमधून काढलं. मी काढलेल्या ग्रुपमधून! त्याच्या घरी जाऊन बेल वाजवली. दार अर्धवट उघडून म्हणाला, "सर, फोन फॉरमॅट करून घ्या, मग बघू."

हा मूर्खपणा मोजायला परिमाण नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दमयंती सकाळी शेगडी, तवा, रवा-तिखटाचा डबा घेऊन निघून गेली. माळनाक्याच्या कोपऱ्यावर हमिदाशेजारी बसली. पाटीतलेच बांगडे साफ करून तव्यावर टाकले आणि रस्त्यावर, सगळ्यांसमोर, स्वतः खाल्ले. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना नावाने हाक मारून घास दिला. एकही युक्तिवाद नाही. पुरावा नाही. चार जणींनी वाटे नेले.

ही काय पद्धत झाली? भावनिक आवाहन. तर्कदोष क्रमांक सात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज अकरा जणी. सावंतांच्या मिसेस सुद्धा. का घेतलात म्हणून विचारलं तर म्हणे, "सगळ्याच घेतायत." मेंढरंच, फक्त तोंडं दुसरीकडे वळली. माझा सिद्धांत याने अधिकच भक्कम होतो.

तरी वाटतं, मी स्वतः जाऊन उभं राहावं. दमयंती उत्साही आहे, पण माळनाक्यावर वजन आहे ते माझं. उद्या जातो. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दहाला गेलो. पंधरा-वीस माणसं होती. बायकांच्या हातात पेपरच्या तुकड्यांवर गरम बांगडे. सावंत होते. केतन मोबाईल धरून उभा होता. मी सगळ्यांच्या देखत हमिदाला म्हटलं, ते मीच लिहिलं होतं, प्रयोग होता, तुझं नुकसान करायचा हेतू नव्हता.

मला वाटलं होतं, ती चिडेल. त्यावर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "वैनींनी सांगितलं परवाच. सर, माझा तहा तुमच्या वर्गात व्हता. त्या दिशी तुमच्याकडनं घरी गेले, तर मेसेज वाचून तोच बोलला, अम्मी, सरांनी लिवलंय म्हंजे खोटं नसणार. मी घरात बांगडा शिजवायचा बंद केला. नातवाच्या ताटातला काढून घेतला. पन्नास वर्सं मासे हाताळतेय मी, तरी शेपटी बघून मला पण भ्या वाटाया लागलं."

तिने तव्यावरचा एक बांगडा कागदावर घेतला आणि माझ्यापुढे धरला. "खा, सर. तुम्ही खाल्लात की झालं."

मी हातात घेतला. सगळे बघत होते. शेपटी पिवळी होती. मला माहीत आहे ती असतेच. मीच ते वाक्य लिहिलं, सोमवारी, अकरा वाजता, पंख्याखाली बसून. पण दापोलीचे ते दोघे डोळ्यांपुढे आले. घास तोंडापर्यंत गेला आणि खाली आला. मी म्हटलं, ॲसिडिटी आहे.

सावंतांच्या मिसेसनी आपला कागद हळूच शेगडीजवळ ठेवला. मग दुसरीनेही ठेवला. मग तिसरीने. केतनने सगळं टिपलं.

दमयंतीने शेगडी विझवली. हमिदाने पाटीवर फडका टाकला.

दुपारी १.३०

माझा बांगडा दमयंतीने कागदात गुंडाळून घरी आणला. टेबलावर ठेवला आणि आत गेली.

दार लावून घेतलं. खाल्ला. गार झाला होता, पण ताजा होता. चांगला होता. काही झालं नाही.

कुणी पाहिलं नाही.