यंदा किती वेळा उठवलं?

सोलापूर,
६ नोव्हेंबर २०२४

ती. जोतिराममामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानेच भरता, म्हणून तुमच्या हुकमाप्रमाणे पत्र लिहिते आहे. आदिनाथदादा आणि वहिनींनी पाठवलेल्या चकल्या पोचल्या. भाऊबीजेपर्यंत पुरवायच्या ठरवल्या होत्या, पाडव्यालाच डबा वाजायला लागला.

मोठी बातमी अशी की संस्थेने अखेर माझं ऐकलं. रस्त्यावरची माणसं संध्याकाळी निवाऱ्यात येतात, सकाळी पुन्हा रस्त्यावर जातात, आणि वर्षानुवर्षं तीच माणसं येतात. त्यापेक्षा त्यांना भाड्याने खोल्याच घेऊन देऊ, भाडं आपण भरू आणि हळूहळू हात काढून घेऊ, असं मी दोन वर्षं घोकत होते. आता पहिल्या वर्षी बारा खोल्यांना मंजुरी मिळाली. नियम, अर्ज, यादी सगळं माझ्याकडे दिलंय. आमचे अध्यक्ष पंचाक्षरी सर म्हणाले की बुडालं तर तुमच्यासकट बुडेल. मला मात्र ते तरणार याबद्दल काडीची शंका नाही.

पण पहिल्याच घासाला खडा लागला. सात रस्ता चौकाजवळ एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली मायाक्का नावाची बाई दोन वर्षं राहते. सांगोल्याकडची, मेंढरांमागे जन्म गेलेला. नवरा गेल्यावर दिरांनी मेंढरं वाटून घेतली, ही तेवढी वाटणीत कुणाला नको होती. आता वड्याच्या गाड्यावर भांडी घासते. थंडीत तिचा खोकला ऐकवत नाही. माझ्या यादीत पहिलं नाव तिचंच असायला हवं होतं. तर अर्जातला पहिला प्रश्न, तुम्हाला घर आहे का. ती म्हणाली, घर हाय की, आणि ताडपत्री, गाठोडं, तीन दगडांची चूल दाखवली. लिहिणाऱ्याने 'आहे' लिहिलं, नाव कटलं. मी समजवायला गेले तर माझ्यावरच उखडली. साऱ्या जन्मात तिला कुणी बेघर म्हणालं नव्हतं म्हणे, ज्याला न्हाय त्याला जाऊन द्या.

नियम मीच केलाय, त्यामुळे भांडू कुणाशी? तुम्ही काहीतरी सुचवा. उसाला पाणी सोडताना आमच्याकडेही लोभाची एक पाळी वळवावी.

तुमची भाची,
विजयमाला

*

अकलूज,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. विजूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हसलो आणि मग तुझी कीव आली. अगं, मी चौतीस वर्षं कारखान्याच्या शेतकी खात्यात ऊसनोंदी घेतल्या. शेतकऱ्याला ऊस किती म्हणून विचारलं की तो मान खाजवून सांगायचा, हाय की थोडाफार. म्हणून मी कधी ऊस विचारला नाही. लावणीला बेणं किती लागलं ते विचारायचो. नोंद बिनचूक व्हायची. चुकतो तो प्रश्न, माणूस नाही.

त्या बाईचं काही चुकलेलं नाही. आमच्या लहानपणी सुगी झाली की तिच्यासारख्या मेंढपाळांची मेंढरं आपल्या रानात बसायला यायची. आप्पा पहिल्या दिवशी ज्वारीचं पीठ, डाळ, गूळ असा शिधा स्वतः नेऊन द्यायचे. मी एकदा त्यांना भिकारी म्हणालो तर आप्पांनी कानशिलात दिली. ते खत देतात, आपण धान्य देतो, यात मोठा कोण नि लहान कोण, असं म्हणाले. आणि एक नियम फार कडक होता. जितक्या रात्री ठरल्या तितक्या पुऱ्या होईपर्यंत रानाच्या मालकानेसुद्धा त्यांना उठवायचं नाही. उघड्यावर झोपणं हे त्यांचं दुःख कधीच नव्हतं. ठरल्याआधी उठवणं हा अपमान.

तेव्हा तिला घर विचारू नकोस. यंदा तुम्हाला किती वेळा उठवलं, हे विचार. आणि पहिल्या महिन्यापासून भाड्यात तिचाही वाटा ठेव, मग तो चार वड्यांच्या किमतीएवढा का असेना. फुकट दिलंस तर ती एक रात्र राहील आणि दुसऱ्या दिवशी गाठोडं उचलेल.

मी अकलूजला बसून उंटावरून शेळ्या हाकतोय हे मला कळतं. पण शेळ्यांचंच काम आहे म्हणून चालेल. गुडघा बरा आहे. माया पातळ करू नये, हे सांगायला नको.

तुझा,
जोतिराममामा

*

सोलापूर,
२० डिसेंबर २०२४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पायावर डोकं ठेवायला अकलूजला यावं लागेल. तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला.  मायाक्का बोटं मिटत मोजायला बसली. दुकानाच्या मालकाने तीनदा, कुणाच्यातरी वरातीवाल्यांनी एकदा, गटार खणणाऱ्यांनी, पहारेकऱ्याने, कधी नुसत्या दारुड्याने. चौदा वेळा भरलं. शेवटचं बोट मिटल्यावर पदराने डोळे पुसून म्हणाली, एवढ्यांदा तर मेंढरालाबी कुनी उठवत न्हाय. मी अर्जावर चौदा आकडा लिहिला.

आता तो अर्जातला पहिला प्रश्न आहे. पंचाक्षरी सरांनी भुवया उंचावल्या, मग स्वतः चार जणांना तो विचारून आले आणि अर्ज मंजूर केला. यादी नव्याने झाली, पहिलं नाव मायाक्काचं. तुमचा वाट्याचा नियमही घेतला. वाटा द्यायचाय म्हटल्यावर तिची मान जी ताठ झाली, तुम्ही बघायला हवी होती.

अकरा जणांना खोल्या मिळाल्या. राहिली एकटी ती. तिला कामाच्या जवळ, तळमजल्यावर खोली हवी; लांब दिली तर गाड्यावरचं काम सुटेल आणि सगळंच फसेल. मी सात रस्त्याभोवतीच्या अकरा घरमालकांचे उंबरे झिजवले. ३१ जानेवारीपर्यंत भाडेकरार झाला नाही तर यादीतलं पुढचं नाव घ्यावं लागतं, हाही नियम माझाच. आणि त्या बंद दुकानाचं शटर फेब्रुवारीत उघडणार आहे. म्हणजे पंधराव्यांदा.

मामा, आता स्पष्टच विचारते. सात रस्त्यामागची तुमची खोली, आदिनाथदादाच्या कॉलेजसाठी घेतलेली, मामींच्या मागे तीन वर्षं बंद आहे. ती द्याल का? रागावलात तरी चालेल, अबोला धरू नका.

तुमची,
विजू

*

अकलूज,
२९ डिसेंबर २०२४

चि. विजूस,
अ. उ. आ.

खोली देता येणार नाही. तिथे तुझ्या मामीचं सामान आहे. शिवाय ती बाई कोण, कुठली, आजारी पडली तर कोण बघणार, उद्या निघालीच नाही तर मी या वयात कोर्टकचेऱ्या करू का? शेजारीपाजारी काय म्हणतील? भिंती काळ्या करील ते वेगळंच.

सल्ला मागितलास, दिला. खोली मागायची नव्हतीस. इतर मालक बघ, सोलापूर लहान नाही. थंडी फार आहे, स्वेटर घालून हिंडत जा.

मामा

*

सोलापूर,
६ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. घरमालकांची कारणं मी एका वहीत लिहून ठेवते, नियम सुधारायला उपयोगी पडतात. मामींचं सामान सोडलं तर तुमची पाचही कारणं त्या वहीत आधीपासून आहेत, जवळजवळ त्याच शब्दांत. एका मालकाने तर भिंतींचंही असंच लिहून दिलंय. तेव्हा रागावले नाही. बाराव्या घरमालकाला जे सांगायचं तेच तुम्हाला सांगते.

भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला संस्था थेट तुमच्या खात्यावर भरेल. तिचा वाटा ती आमच्याकडे देईल, तुम्हाला तिच्या मागे लागायचं नाही. सहा महिन्यांनी आमचा वाटा कमी होत जाईल आणि तिचा वाढेल, पण एकदम कधीच नाही. आजारपणात तिचं काम थांबलं तर भाडं थांबणार नाही. आमचं माणूस दर आठवड्याला खोलीवर जाईल. काही मोडलं, भिंत काळी झाली तर दुरुस्ती आमची. जामीन संस्था आहे, आणि संस्थेच्या पुढे मी आहे. हे सगळं मी रात्रंदिवस डोकं चालवून बसवलंय मामा, आणि ते टिकणार आहे.

एका कारणावर मात्र माझ्याकडे नियम नाही. मामींचं सामान. त्या खोलीत मीही दहावीच्या सुट्टीत राहिले होते. मामी दारात बसून लसूण सोलायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला जेवलास का विचारायच्या. ते सामान बंद कुलपात आहे म्हणून त्या तिथे आहेत असं तुम्हाला वाटतं, हे मला कळतं. मला तसं वाटत नाही, एवढंच लिहिते.

ठरल्या रात्री पुऱ्या होईपर्यंत मालकानेसुद्धा उठवायचं नाही, हे ज्यांच्याकडून ऐकलं त्यांच्यावरचा विश्वास कायम ठेवून थांबते. तुम्हीही तुमचा माझ्यावरचा काढून घेऊ नका.

तुमची,
विजू

*

अकलूज,
२० जानेवारी २०२५

चि. विजूस,
अ. उ. आ.

आठ दिवस तुझं पत्र चष्म्याच्या घरात घालून हिंडलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुझी मामी असती तर हे मला पहिल्याच दिवशी आणि चारचौघांत ऐकवलं असतं.

खरं सांगू? तीन वर्षांत मी त्या खोलीवर एकदाही गेलो नाही. दोनदा सोलापूरला आलो, सात रस्त्यावर उतरलो आणि तिथूनच परतलो. कुलूप काढलं की आत ती नसणार, म्हणून मी ते काढलंच नाही. तुला सहा कारणं लिहिली, हे सातवं लिहायची हिंमत झाली नाही.

आदिनाथ मोहोळला कामाला जातोय, तो शनिवारी पुढे सोलापूरपर्यंत येऊन किल्ली देईल. माझ्या अटी लिहून घे. एक, करार मायाक्काच्या नावाने, पावतीही तिच्या नावाने. दारावर संस्थेची पाटी नको, ती माझी भाडेकरू आहे. दोन, लोखंडी कपाट तेवढं बंद राहू दे. पाटा-वरवंटा, भांडी, खाट, दारातली कुंडी, सगळं वापरायला सांग. वस्तू पडून राहिल्या की रुसतात, असं तुझी वच्छलामामी म्हणायची. तीन, पहिल्या दिवशीचा शिधा माझा. पिशवी आदिनाथजवळ दिली आहे. पीठ घरच्या ज्वारीचं आहे, गूळही चांगला आहे. तो तिला तुझ्या हाताने दे आणि आप्पांचा नियम सांग.

तुझ्या वहीत मला बारावा लिहिलास ते खोडून पहिला लिही. जीव लावतेस तो असाच लाव.

तुझा,
जोतिराममामा

*

प्रेषक: मायाक्का, जोतिराममामांची खोली, सात रस्त्यामागं, सोलापूर
१२ एप्रिल २०२५

मामासायबांस्नी मायाक्काचा रामराम.

लिवनार विजूबाई हायती, सांगनार मी हाय. त्यास्नी म्या बजावलंय की माजं बोलनं सुदारून लिवायचं न्हाय. जलमात पयलं पत्र धाडतीया. वर पत्ता लिवला तवा म्या त्यास्नी दोनदा वाचाय लावलं.

शिदा पावला. पिटाची भाकरी लई ग्वाड झाली. पयली भाकरी म्या दाराबाहीर गाईला घातली, दुसरी मामीसाबांच्या नावानं बाजूला काडली, मग मी खाल्ली. पयलं आट दिस मी उंबऱ्यातच निजत हुते. चार भितींत कोंडल्यागत व्हायचं, वर बगावं तर चांदनी न्हाय. आता आत निजते. खोकला गेला. माजा वाटा तिनी म्हैने येळंवर दिलाय, विजूबाईंच्या वहीत बगा.

भिती काळ्या केल्या न्हाईत. चूल दाराशी कडंला मांडती.

तुमच्या रानात बसलं की खत द्यावं लागतं. माज्याकडं आता मेंढरं न्हाईत, म्हून मामीसाबांच्या कुंडीत मेती टाकलीया. पयली जुडी आदिनाथ मालकांच्या हाती धाडती. भाजी करून खावा. मामीसाबांवानी म्याबी सांजच्याला दारात बसून लसून सोलते. गाड्यावरचाच असतुया. येनाऱ्याजानाऱ्याला जेवलास का म्हून इचारते. कोन कोन मामीसाबांचं नाव काडतंय.

तुमी कवा येताय? कुलूप नसतंय, दार उगडंच हाय. गुडगा दुकत असला तर बसाय खाट हाय.

आनी विजूबाई म्हनल्या, तुमास्नी पयलं ह्येच कळवायचं, पर म्या शेवटाला ठिवलं. तीन म्हैने हुतील आता, मला कुनी ऊट म्हनलं न्हाय. पाटंचं मी माजी मीच उटते.

तुमची,
मायाक्का