स्थिर हात

रविवार, १७ नोव्हेंबर

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आता पीत नाहीस ना? मग रडतेस कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. परीक्षेत असा प्रश्न आला की मी तो सोडून पुढचा घ्यायचे. इथे पुढचा प्रश्नच नाही.

म्हणून आधी बाकीचं लिहिते. मालकीणबाईंनी खोलीतला नळ अखेर दुरुस्त केला. समोरच्या गॅरेजच्या पत्र्यावर एक मांजर दिवसभर पडून असतं, त्याचा मला हेवा वाटतो. तुम्ही शिवलेला पांढरा कोट कोपरावर विरलाय. कॉलेजात सगळ्यांचे कोट विकतचे होते, अंगावर लोंबायचे. मापाचा माझा एकटीचाच. आणि दारू नाही. हेच तुम्हाला आधी वाचायचं असेल, माहीत आहे मला. खरंच नाही, गेल्या वर्षापासून एक घोटही नाही.

लॅबमध्ये मला 'डास' म्हणतात, हे आईला सांगितलं होतं. "टोचलं कधी ते कळतच नाही, नंतर खाजतं तेवढंच," असं एक आजोबा म्हणाले आणि नाव चिकटलं. रक्त द्यायला आलेल्यांना काउंटरवरच्या मावशी ओरडून सांगायच्या, "बसा, बसा, डास येतोय चावायला!" नोकरी लागली तेव्हा तुम्ही दुकानात कापड बेतता बेतता गिऱ्हाइकाला म्हणालात, "आमच्या घरात सुई चुकत नाही." मी दारातून ऐकलं होतं. पदवीपेक्षा मला ते मोठं वाटलं.

दारू सुटली आणि तिच्याखाली दडलेला मनाचा आजार उघडा पडला. डॉक्टर म्हणाल्या, तो आधीपासूनच होता. मन एकदा गच्चीवर पळतं, एकदा तळघरात जाऊन बसतं, मधल्या मजल्यावर थांबत नाही. गोळ्यांनी ते थांबलं. पण हात थरथरायला लागला. बारीक, तुमचं मशीन चालू असताना टेबलावरच्या टाचण्या थरथरतात तसा.

उपाशीपोटी आलेली माणसं माझ्या बोटांकडे बघायची. एका बाईंनी बाही खाली ओढली, "दुसरं कुणी नाही का हो?" लॅबच्या मॅडमनी आत बोलावून दार लावलं. "तोंड उघड. श्वास सोड." मी सोडला. त्यांना कसलाच वास आला नाही, तरी त्यांनी खिडकी उघडली.

तेही चाललं असतं. पण सुट्टीत घरी आले आणि माझ्या हातून चहा बशीत सांडला. नंतर मी आईशी बोलत ओट्याजवळ उभी होते. तिथून बाहेरची खोली दिसते, बाबा. तुम्ही माझ्या बॅगेतून पाण्याची बाटली काढलीत, झाकण उघडून हुंगलीत, आणि होती तशी परत ठेवलीत.

मला राग आला नाही. काकांना शेवटी शेवटी दोरा ओवता येत नव्हता, ते तुम्ही पाहिलंय. हात थरथरतो तो दारूनं, एवढंच आपल्या घराला माहीत आहे.

इकडे परत आले आणि गोळ्या बंद केल्या. कुणाला सांगितलं नाही. दारू सोडून भागत नव्हतं, सोडलेली दिसायला हवी होती.

हात स्थिर झाला. एका तान्ह्या बाळाची शीर पहिल्याच टोचणीत मिळाली. ते भोकाड पसरायच्या आत कापूस दाबलासुद्धा! मावशी म्हणाल्या, "आला गं बाई आमचा डास परत!" तुम्हाला फोन केला तर म्हणालात, "बघ, मनावर घेतलं की होतं." मग माझी झोप उडाली. लॅबमधलं प्रत्येक कपाट घासून काढलं. आसपासच्या सगळ्या गरिबांची तपासणी फुकट करायची, अशी जाडजूड योजना लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवली. आपल्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग व्हावा, हे तर मला लहानपणापासून वाटतं. तेव्हा वाटत होतं, आठवड्याभरात होईल.

मग एका सकाळी उठताच आलं नाही. प्यावंसं वाटलं असतं तरी बरं होतं, निदान काहीतरी हवंसं वाटलं असतं. मला काहीच नको होतं. मीसुद्धा. हे लिहायला मला एवढं पत्र लागलं.

मावशी शोधत खोलीवर आल्या. "ऊठ गं डासा, नाटकं पुरे," म्हणाल्या, मग माझं तोंड बघितलं. स्वतः वाकून माझ्या पायात चपला सरकवल्या आणि डॉक्टरांकडे नेलं.

दुसरी औषधं आधीच करून झाली होती, मला लागू पडतं ते हेच. डोस थोडा कमी केलाय. थरथर राहणार. बरं वाटतंय असं खोटं लिहिणार नाही. सकाळी गोळी घेते, दात घासते, आणि पुढचा अख्खा दिवस समोर उभा असतो. दारू सोडली की आयुष्य परत मिळतं, असं मी समजत होते. मला फक्त दारू नसलेले दिवस मिळाले. त्यांचं काय करतात ते मला येत नाही.

त्या बाळाचा दंड माझ्या दोन बोटांएवढा होता. अशा हातानं पुन्हा तसा दंड धरायचा नाही. गोळी सोडून तर नाहीच नाही. मॅडमना आजाराचं नाव सांगितलं आणि म्हटलं, सुई सोडून दुसरं काही काम द्या. त्या म्हणाल्या, "मला रक्त घेणारीच हवी गं." त्यांचंही खरं आहे. परवा तुमचा फोन आला तेव्हा मी कोट घडी करून नुकतीच लॅबच्या पायरीवर येऊन बसले होते.

अक्षर असं का, हे आई विचारेल. तिला हे सगळं वाचून दाखवा, बाटलीचंसुद्धा.

नोकरी सोडली आहे, बाबा. गोळी घेतली आहे.

न पिता थरथरणारी,
तुमची मुलगी