अठरा कुलपं

सोमवार, २५ मे

बुधवारच्या पानावर मी चुकीचं लिहिलं आहे. ‘दिघ्यातल्या त्या गल्लीत अठरा खोल्या रिकाम्या’ असं. रिकाम्या नाहीत. कुलूप होतं. सर्वेक्षणाला तीनदा गेले, तिन्ही वेळा कुलूप — मला एवढंच माहीत आहे. आत कुणी राहत नाही, हे मी माझ्या मनानं घातलं.

खोडत नाही. बाबांचा नियम. शाळेत नाव घालायच्या आधी दोन वर्षं त्यांनीच मला घरी शिकवलं. मार्केटात दिवसभर पोती वाहून यायचे आणि जेवायच्या आधी पाटी घेऊन बसायचे. चुकलं की पुसू द्यायचे नाहीत. ‘ऱ्हाऊ दे तसंच. खाली खरं लिही.’ पंचवीस वर्षांची झाले, अजून तेच करते.

आज यादी वॉर्ड ऑफिसबाहेर लागली. चाळीतल्या लोकांसाठी पालिका स्वतःच्या प्लॉटवर स्वतः घरं बांधणार — चार इमारती, मध्ये बिल्डर नाही. चारशे सहा कुटुंबं पात्र. सगळं माझ्या हातचं सर्वेक्षण! आणि अठरा खोल्यांपुढे शेरा: ‘वास्तव्य नाही.’ तोही माझ्याच खुणेवरून.

मंगळवार, २६ मे

डबा तसाच परत आणला.

गुरुवार, २८ मे

त्या गल्लीतल्या रंगूबाई ऑफिसात आल्या. मार्केटात कांदा निवडतात. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

‘तूच का गं ती, दारं मोजत फिरणारी?’

‘हो, मावशी.’

‘मग आमी काय मेलो व्हतो? तेवीस वर्सं हितं चूल पेटतीया माजी!’

तीनदा आले होते, कुलूप होतं, म्हटलं.

‘कवा?’

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. तर हसल्याच! अख्खी गल्ली साताऱ्याकडच्या एकाच गावची. चैत्रात ग्रामदैवताची यात्रा. अठराच्या अठरा दारं एकाच दिवशी लागतात, म्हातारी-पोरं सगळी आठवडाभर गावाला.

‘देवाच्या पालखीला जाताना दार सताड उघडं टाकायचं व्हतं का? तुज्यासाठी च्या झाकून?’

बाजूच्या टेबलांवरचे हसले.

दारातून वळून म्हणाल्या, ‘धनाजीची न्हवं तू? भेटला की तुजा बा यात्रंत!’

खरं आहे. आमचं गाव त्यांच्या शेजारचं, देव एकच. बाबा गेले होते, मला रजा नव्हती. पण दिघ्याची सगळी गल्लीच तिथे गेलीय, हे मला इथे जुईनगरात घरी बसून कसं कळणार? बाबा बोलले असते तर!

शुक्रवार, २९ मे

नियम असा आहे: बंद घराला तीन वेगवेगळ्या आठवड्यांत भेट द्यायची. प्रशिक्षणात दोनदा बजावलं होतं. त्या गल्लीत मी उशिरा पोहोचले. ८, ९ आणि १० एप्रिलला गेले, कारण दहाला मुदत संपत होती. फॉर्मवर तारखेला जागाच नाही. नुसत्या तीन चौकटी. भरून टाकल्या.

म्हणजे हे फक्त मला माहीत आहे.

रंगूबाईंकडे दाखवायला काही नाही. अठरा खोल्यांना मिळून एक वीजमीटर, तोही चाळमालकाच्या नावावर. रेशनकार्ड, मतदान सगळं अजून गावाकडे. ९ जूनला यादीवरच्या हरकतींची सुनावणी. त्यानंतर यादी बंद — घर गेलं ते गेलंच.

सोमवार, १ जून

नमिता मॅडमना सांगितलं, सुनावणीत मी स्वतःच चूक मांडते म्हणून. आमच्या प्रकल्पाच्या इंजिनिअर. हा प्लॉट घरांसाठीच राहावा म्हणून तीन वर्षं भांडल्यात, म्हणून त्यांचा राग येत नाही.

‘हरकत लोकांनी घ्यायची असते, प्रियदर्शिनी. आपण नाही.’

‘त्यांच्याकडे कागद नाहीत, मॅडम. त्यांच्या विरुद्ध एकच पुरावा आहे — माझी खूण.’

मॅडमनी चष्मा काढला. ‘तू अठरा फॉर्म चुकले म्हणालीस की लोक चारशे सहाही चुकले म्हणतील. पालिकेला घरं बांधणं जमत नाही, प्लॉट बिल्डरला द्या, असं म्हणायला किती जण टपलेत! आणि तुझं कंत्राट जूनअखेर संपतंय. टेन्शन घेऊ नको, पण विचार कर.’

केला. दिवसभर केला. सिमेंट तर बिल्डरही ओततो. पालिकेनं बांधायचं ते कशासाठी? घर कुणाला मिळणार हे कुणाच्या खिशावर ठरू नये म्हणून. आणि त्या गल्लीत पालिका म्हणजे कोण होतं? गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मी. दुसरं कुणी आलंच नव्हतं.

काम दोन दिवसांचं आहे! अठरा दारं पुन्हा वाजवायची. आणि बाकीच्या बंद घरांना मी कोणत्या तारखांना गेले ते याच वहीत आहे, रोज कुठे फिरले ते लिहितेच. सगळं पडताळून दाखवीन की चूक एका गल्लीपुरती आहे. मग चारशे सहांना कोण हात लावतो ते बघते.

गुरुवार, ४ जून

बाबांना विचारलं. ‘दिघ्याचे लोक यात्रेत दिसले, हे मला तेव्हा सांगितलं होतंत का?’

गुडघ्याला तेल चोळत होते. चोळतच राहिले.

‘न्हाय बहुतेक. इसारलो आसन. माजी चूक म्हन की.’

हायसं वाटलं. सुनावणीत असंच सांगणार — नियम मोडला हे खरं, पण यात्रेचं मला माहीत नव्हतं. दोन घास जास्त जेवले.

शनिवार, ६ जून

सगळ्या तारखा पडताळल्या. बाकीच्या प्रत्येक बंद घराला तीन आठवडे दिले होते. चूक एकाच गल्लीची. बरोबर निघालं!

आणि ९ एप्रिलचं पान. ‘बाबांचा यात्रेतून फोन. दिघ्याची अख्खी गल्ली हितं पालखीपुढं नाचतीया, तू कुनाची दारं वाजवतीस, म्हणाले. खूप हसले.’

माझंच अक्षर. दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि तिसरी चौकट भरली.

तर २८ मे आणि ४ जूनच्या खाली खरं: मला माहीत होतं.

मंगळवारी, ९ जूनला सकाळी अकरा वाजता सुनावणी. ही वही घेऊन जाणार. ते पान मीच वाचणार, मोठ्यानं.