राव असो वा पाटील

९ मार्च, सोमवार. जत.
गुरुवारी सकाळी मोठे साहेब वाडी बघायला येणार. शौचालय-वापराचा प्रचार माझ्याकडे. कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय. वाडी स्वच्छ दिसली तर मुदतवाढ, नाही तर कोरेगावला सासऱ्यांच्या दुकानात वजनकाटा. टेन्शन अजिबात नाही. झोप लागत नाही, ती उकाड्यामुळे.

१० मार्च, मंगळवार.
बायकांचं पहाट-पथक तयार. शिट्ट्या वाटल्या. उघड्यावर बसलेला सापडला की झेंडूचा हार घालायचा, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर साहेबही आहेत. घोषणा मी स्वतः रचली : ‘राव असो वा पाटील, शिट्टी वाजताच उठतील!’ पथकप्रमुख भामाबाई ‘पाटील’पाशी अडतात. म्हणाल्या, मोठ्या मानसाला कसं म्हनायचं? मी म्हटलं, माझंच आडनाव पाटील. माझ्याकडे बघून म्हणा. भीड धरायची नाही. तरी अडल्या. मानसिकता बदलायला वेळ लागतो.

११ मार्च, बुधवार.
वाडीतच मुक्काम. संडास उघडले तर कुठे कडबा, कुठे शेळी. सगळं बाहेर काढलं. टँकर आला, तर बायका घागरी घेऊन धावल्या. मी आडवा उभा राहिलो. आधी संडास धुऊन घेतले. भामाबाई तणतणल्या, प्यायला न्हाई आन् फरशी धुताय व्हय? दूरदृष्टी नाही. उद्यापर्यंत कुणी घाण करू नये म्हणून सगळ्या संडासांना कुलपं ठोकली, किल्ल्या सरपंचांकडे. मास्टरस्ट्रोक!
सरपंचांनी मटण आग्रहाने वाढलं. लय तिखट. नाही म्हणणं बरं दिसेना.

१२ मार्च, गुरुवार. पहाटे ५.
पोटात कळ. सरपंच मोठ्या साहेबांना आणायला जतला गेलेत, किल्ल्या त्यांच्याच खिशात. फोन लागत नाही. कुलूप फोडावं तर साहेबांना काय दिसेल? घाम फुटलाय. शरीर मनाच्या ताब्यात असतं, हे मीच ट्रेनिंगमध्ये शिकवतो.

५.१५
बाभळींकडे जाऊन येतो. फक्त पाहणी. सोबत पाण्याची बाटली, तहान लागली तर.

सकाळी ८.
आधी शिट्टी. मग बॅटरीचा उजेड. मग हार. म्हटलं, भामाबाई, अहो मी आहे! त्या म्हणाल्या, व्हय, वळखलं की.
फोटो ग्रुपवर गेला. साहेबांनी पाहिलाय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
घोषणा मात्र भामाबाईंनी माझ्याकडे बघूनच दिली. कुठेही अडल्या नाहीत.