लिंडग्रेनसाहेबांचा गुडघा आणि माझी अकरा पानं

सदाशिव पेठ, पुणे

आदरणीय सत्यशीला आत्या,

सविनय जयभीम. मामांचा खोकला कसा आहे? तुमची साखर ताब्यात असेल अशी आशा धरतो. (फोन केला की तुम्ही पहिल्याच वाक्यात प्रबंध झाला का विचारता, म्हणून खडकीला पत्र.)

प्रबंध झालेला नाही. तीस तारखेला मुदत संपते आणि अकरा पानांवाचून सगळं अडलं आहे. गांडुळांवरचा एक जुना शोधनिबंध आहे, त्याचीच ही पानं. संकेतस्थळावर पहिला परिच्छेद फुकट, पुढे कुलूप. उघडायचे साडेतीन हजार. (फेलोशिप मार्चपासून आलेली नाही, हे आमच्या घरी बोलू नका.) ग्रंथालयाने त्या नियतकालिकाची वर्गणी बंद केली आहे. संशोधकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागितला, तर सव्वीस जणांनी मिळाल्यास आम्हालाही पाठव असं कळवलं. माझ्या गाईड शर्मिला मॅडमना विचारलं, नुसता उल्लेख केला तर चालेल का. त्या म्हणाल्या, "न वाचता बोलायला हे सत्काराचं भाषण नाही." वाचल्याशिवाय सही नाही.

शेवटी लेखकालाच ईमेल केला. स्वीडनचे लिंडग्रेनसाहेब, वय एक्क्याऐंशी. मित्र म्हणाला होता, दोन ओळी लिही, लेखक आनंदाने पाठवतात. पण आपल्याकडे कुणी दारात उभं राहून काम सांगतं का? म्हणून आधी तब्येतीची चौकशी केली. तिथेच मेलो. साहेबांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नसावं. गुडघ्याच्या ऑपरेशनवर चार पानं आली, सोबत एक्स-रे. त्यावर लगेच निबंध मागणं बरं दिसेना. मग व्यायामाचा विषय निघाला, मग मांजरीचं आजारपण, मग त्यांनी आईची चौकशी केली. तीन आठवड्यांत सात पत्रं झाली, आत्या. गुडघ्यावर प्रबंध असता तर एव्हाना पदवी मिळाली असती. सहा वर्षं गांडुळं मोजून एका सहीसाठी अडलो आहे, आणि खरंच रडू येतं.

आपला,
प्रज्ञेश

ता. क. : तुमच्या निर्गुडीच्या तेलाच्या दोन बाटल्या भरून ठेवा. साहेबांना कबूल करून बसलो आहे.

आणखी एक ता. क. : काल धीर करून निबंध मागितला होता, त्याचं उत्तर आत्ता आलं. निवृत्तीनंतर विद्यापीठाने साहेबांचं ऑनलाइन खातं बंद केलं, त्यामुळे स्वतःचा निबंध त्यांनाही उघडत नाही. घरातली प्रत घर बदलताना गेली. पुण्यात एवढी ग्रंथालयं आहेत, तेव्हा मला मिळाला तर एक प्रत त्यांनाही हवी आहे. मी 'जरूर, पाठवतो' असं लिहून मोकळा झालो.