मागच्या सीटवरून मेहुण्यांना

आदरणीय दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, परमुलखातून वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेलच. थेंब तुम्हीच वेळेवर घालत जा, त्या आपणहून सांगायच्या नाहीत. आमच्याबद्दल लिहायचं तर तुमची बहीण सुखरूप आहे. इतकी सुखरूप आहे की त्याच कारणाने मला हे पत्र लिहावं लागत आहे. हॉटेलची खोली अशी आहे की बॅग उघडली तर दार उघडत नाही आणि दार उघडायचं तर एकाने बाथरूममध्ये जाऊन उभं राहावं लागतं. टेबल नाही. इस्त्रीचा बोर्ड उघडून त्यावर कागद ठेवला आहे आणि उभ्याने लिहितो आहे (उभ्याने विचार चांगला होतो, हे माझं जुनं मत तुम्हाला माहीत आहे). खाली लॉबीत तुमची बहीण तीन नव्या मैत्रिणींबरोबर बसून पुढच्या वर्षीची सहल ठरवते आहे. त्या सहलीत मी नाही. दादा, हे वाक्य पुन्हा वाचा, मग पुढे जा.

प्रवासाबद्दलची माझी मतं काही आजची नाहीत. चाळीस वर्षं मी व्यासपीठांवरून घसा कोरडा करून सांगत आलो की प्रवास ही न वाचणाऱ्यांची सोय आहे. ज्याला पुस्तक उघडता येतं त्याने बॅग भरू नये. डोंगर, समुद्र, राजवाडे हे सगळं कपाटात लावून ठेवलेलं असताना माणसाने रांगेत उभं राहून, पायाला फोड आणून, दुसऱ्याच्या डोक्यामागून ते का बघावं? हे माझं व्याख्यान गावोगाव गाजलं. एकदा तुम्हीच अध्यक्ष होतात (आणि झोपला होतात, मी त्याचा उल्लेख कधी केला नाही, आजही करत नाही). असं असताना लेकीने आणि जावयाने आमच्या हातात दोन तिकिटं ठेवली. मी जेवणाच्या टेबलावर या प्रकाराचा मुद्देसूद समाचार घेतला. तुमची बहीण भाजी निवडत होती. माझं संपल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "बरं, तुम्ही नका येऊ. मी जाऊन येते." हा पहिला धक्का. जिने आयुष्यात एकटीने बँकेचं दार ढकललं नाही (असं मी तोवर समजत होतो) तिला परक्या मुलखात एकटीला पाठवणं माझ्या तत्त्वात बसेना. तेव्हा मी आलो तो केवळ कर्तव्य म्हणून. निघण्यापूर्वी सात जाडजूड ग्रंथ वाचून आलो, म्हणजे बघण्यासारखं काही शिल्लक राहू नये.

सहलीला चाळीसेक माणसं आहेत, सगळी आपलीच, आणि या सगळ्यांना हाकणारी एक तरतरीत मुलगी. तिला सगळे कॅप्टन म्हणतात. बसमध्ये तिचा एक नियम आहे. रोज प्रत्येकाने दोन रांगा पुढे सरकायचं, पुढच्यांनी मागे जायचं, म्हणजे मोठी काच सगळ्यांच्या वाट्याला येते. हे ऐकून मला गहिवरून आलं. समतेवर मी इतकी वर्षं बोलतो, पण तिला चाकं लावलेली प्रथमच पाहत होतो. पहिल्याच दिवशी ओळखीचा कार्यक्रम झाला. माईक फिरवायचा आणि ज्याने त्याने आपला व्यवसाय आणि आवड सांगायची, एवढंच. सोनार बोलला, डॉक्टरीणबाई बोलल्या, निवृत्त मुख्याध्यापिका बोलल्या, आणि माईक माझ्या हाती आला. आता तुम्हीच सांगा, माणसाने आपली आवड सांगायची तर तिची पार्श्वभूमी नको का सांगायला? मी समतेपासून सुरुवात केली. मध्ये दोन बोगदे गेले, एक टोलनाका गेला, एका देशाची हद्द संपून दुसऱ्याची लागली. मी समारोपाला येतो आहे तोच हॉटेल आलं. तुमच्या बहिणीची पाळी राहून गेली.  मी म्हटलं, तुझं मी माझ्यात सांगितलंच आहे.

दुसरा धक्का त्या जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालयात बसला. दादा, माणसं चित्रांकडे पाठ करून उभी राहतात. होय, पाठ. ज्या चित्रासाठी समुद्र ओलांडून यायचं, त्याच्याकडे पाठ करायची, स्वतःचा फोटो काढायचा आणि पुढच्या चित्राकडे पाठ करायला धावायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथेच थांबलो आणि त्या चित्राची जन्मकथा खड्या आवाजात सांगू लागलो. आमची मंडळी पुढे निघून गेली हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण माझ्यासमोर गर्दी वाढतच होती. सगळ्या रंगांची, सगळ्या वयांची माणसं तोंडाकडे टक लावून ऐकत होती. भाषा कळत नसतानाही विचार कसा पोचतो, याने मी भारावलो (ती माणसं मला पगारी वाटाड्या समजत होती आणि माझ्यामागून पुढच्या दालनात जाण्यासाठी खोळंबली होती, हे मला नंतर सांगण्यात आलं). तेवढ्यात गणवेशातल्या एका धिप्पाड पहारेकऱ्याने माझं कोपर धरलं. परवान्याशिवाय तिथे माहिती देणं हा गुन्हा आहे म्हणे. ज्ञान देणं हा गुन्हा. मला एका खोलीत नेऊन बसवलं. तिथे एक खुर्ची होती, एक आग विझवायचं नळकांडं होतं आणि हरवलेल्या छत्र्यांचा ढीग होता. विचारस्वातंत्र्यावर मी त्या पहारेकऱ्याला जे ऐकवलं ते दगडाला पाझर फोडणारं होतं, पण तो दगड नव्हता, त्याला फक्त मराठी येत नव्हतं.

मग तुमची बहीण आली. तिलाही त्याची भाषा येत नव्हती. तिने माझ्याकडे बोट दाखवलं, मग हाताची बोटं बदकाच्या चोचीसारखी उघडमीट केली, मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. पहारेकरी इतका हसला की त्याची टोपी पडली. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, खिशातून स्वतःच्या बायकोचा फोटो काढून दाखवला आणि तशीच चोच करून दाखवली. मग मला सोडलं. दादा, माझ्या शब्दांनी जे झालं नाही ते एका चोचीने झालं, याचा धक्का मी शांतपणे पचवला असता. पण या भानगडीत सगळ्यांची तळ्यावरची बोट चुकली. त्या बोटीसाठी म्हणे कित्येक जण ही सहल घेतात.

बसमध्ये वातावरण तापलेलं होतं. मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काकांबद्दल आम्हाला आदर आहे. म्हणूनच वाटतं, काकांना माईकपासून जरा लांब ठेवावं." सोनार म्हणाला, "जरा नको, चांगलं लांब." ठराव असा आला की माझी सीट कायमची शेवटच्या रांगेत, इंजिनाच्या वर, आणि मला तो फिरता नियम लागू नाही. कॅप्टन बिचारी कावरीबावरी झाली. शेवटी म्हणाली, हात वर करा. आयुष्यभर मी हात वर करून निर्णय घेण्याचा पुरस्कार केला, त्यामुळे हरकत घ्यायला जागा नव्हती. मी ताठ मानेने हात बघत गेलो. माझ्या शेजारचाही हात वर होता. मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "बोट मलाही बघायची होती," ती म्हणाली.

आता यातली मेख बघा. सीट फक्त माझी गोठवली होती. तिला नियम लागू होताच. म्हणजे दर दिवशी ती दोन रांगा पुढे, आणि मी जिथल्या तिथे, पायाखाली इंजिन धगधगतंय. पहिल्या दिवशी तिचा अंबाडा दिसत होता, पुढे नुसता हात, मग तोही नाही. माझ्या शेजारी एक पशुवैद्य आहेत, ते बस सुरू झाली की झोपतात आणि थांबली की खातात. माझ्या डोक्यावरचा स्पीकर बंद. पुढे मात्र काहीतरी भलतंच रंगलेलं असायचं. सगळी बस हसायची, लाटेसारखं हसू मागे यायचं आणि माझ्यापर्यंत येऊन विरायचं. कोण बोलतंय म्हणून मी पशुवैद्यांना हलवून विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या घरातलेच. झकास बोलतात हो वहिनी." मला वाटलं, माणूस झोपेत बरळतोय.

काल डिझेल भरायला थांबलो असताना ड्रायव्हरने मागे येऊन स्पीकरला एक बुक्की मारली. बस सुरू झाली आणि माझ्या डोक्यावरून तुमच्या बहिणीचा आवाज आला. तो असा:

"तर बोलायला उभं राहिलं की हे आधी चष्मा काढतात. चष्मा काढला की ह्यांना माणसं दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात. मग मी काय करायची, पहिल्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवर जांभळी शाल नीट उभी करून ठेवायची, खाली पिशवी ठेवायची आणि मागच्या दाराने गाव बघायला."

कोणीतरी विचारलं, "आणि कळलं असतं तर?"

"कसं कळणार? एकदा तर मला म्हणाले, आज तू काय मन लावून ऐकत होतीस, जागची हललीही नाहीस."

बस डावीकडे झुकेल एवढं हसली. पशुवैद्य जागे झाले. ती पुढे सांगत होती, की विषयावरून तिला वेळेचा अंदाज येत असे. शिक्षण असलं तर बाजार आणि देऊळ होतं. तरुण पिढी असली तर गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत जाता येतं. मी स्वावलंबनावर बोलत होतो तेव्हा ती नावेत बसून पलीकडे गेली, कुंभारवाड्यात चहा घेतला आणि परत आली. "आणि प्रवास करू नये हे जे त्यांचं भाषण आहे ना," ती म्हणाली, "त्यात मी सगळ्यात जास्त फिरले."

दादा, मी चाळीस वर्षं एका शालीला उद्देशून बोलत होतो. भाषणात हळवी जागा आली की मी त्या जांभळ्या रंगाकडे बघून आवाज खाली आणत असे. समोर हजार माणसं असोत, मला वाटायचं, एक तरी माणूस नक्की ऐकतंय. सबंध देशात मला माझ्या विचारांचा एवढा एकच पक्का अनुयायी ठाऊक होता, आणि तो लोकरीचा निघाला.

पुढे दुसऱ्या एका तळ्याकाठी बाकी मंडळी बदकांचे फोटो काढत असताना मी तिला गाठलं. विचारलं, असं किती वेळा केलंस? म्हणाली, "किती वेळा नाही केलं ते विचारा, लवकर आटपेल." मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही विचारायचा, कसं झालं? मी सांगायची, छान झालं. माझं खरंच छान झालेलं असायचं." मग सहज, जसं दूध आणायला सांगावं तसं, तिने सांगितलं की पुढच्या वर्षी त्या चौघी जाणार, कॅप्टनच नेणार आहे. मी विचारलं, आणि मी? ती म्हणाली, "तुमची व्याख्यानं असतात ना."

म्हणून हे पत्र. तुम्ही थोरले आहात. तुमचा शब्द ती मोडत नाही (निदान आपण दोघं तसं समजून चाललो आहोत). तिला दोन खडे बोल लिहा. सहजीवन म्हणजे काय, घर म्हणजे काय, या वयात माणसाने कुणाशेजारी बसावं, हे तिला समजावा. मुद्दे हवे असतील तर मी वेगळ्या कागदावर पाठवतो, पंधराएक पानं होतील. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तत्त्वासाठी मागच्या सीटवर बसलेला,
तुमचा मेहुणा

ता. क. खडे बोल लिहू नका. ती ते पत्र माईकवरून वाचून दाखवेल.

दुसरा ता. क. पत्र बंद करणार तोच ती वर आली. मी बाथरूममध्ये उभा राहून तिला दार उघडू दिलं आणि तिथूनच, चेहरा दिसत नव्हता म्हणून जमलं, विचारलं की एवढ्या गावांत तुला सगळ्यात आवडलेलं कुठलं? तिने आधी चपला काढल्या. मग नदीकाठच्या त्या गावाचं नाव घेतलं, जिथले व्याख्यानमालेचे चिटणीस तुमचे वर्गमित्र आहेत. तिथे म्हणे घाटाच्या पायऱ्या उतरल्या की पाण्यात अख्खा पूल उलटा दिसतो. मी त्या गावी तीनदा बोललो आहे. मला तिथलं सभागृह, गेस्ट हाऊस आणि चिटणीस एवढंच माहीत. गावाला नदी आहे हे मी आज ऐकलं. तेव्हा खरं काम हे, की त्या चिटणिसांना विचारा, पुढच्या महिन्यात आम्हा दोघांची चार दिवस सोय होईल का. व्याख्यान नको म्हणावं. मी फक्त तिच्याबरोबर चालणार आहे, आणि ती सांगेल ते बघणार आहे.

तिसरा ता. क. हा बेत तिला सांगितला. तिला आवडला. जरा विचार करून म्हणाली, "दिवसभर आपण बरोबर फिरू. संध्याकाळी मात्र तुम्ही व्याख्यान ठेवा." तेव्हा चिटणिसांना व्याख्यानाचंही कळवा. विषय मी ठरवतो. किती वेळ बोलायचं ते तिला विचारून सांगतो.