आतून ठणठणीत कोरडा

२ एप्रिल

आजपासून रोजनिशी. उद्या कोणी विचारलं, शोध नेमका कधी लागला, तर तारीख हाताशी हवी.

मला घाम येतो. हा शोध नव्हे, ही पार्श्वभूमी. साधासुधा येत नाही, धो धो येतो. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे मांडवात उभे आहेत आणि मी एकटा पावसात उभा आहे असं वाटतं.

शोध असा: एकतर्फी कापड. आतला थर पाणी धरत नाही, बाहेरचा थर पाणी ओढून घेतो. घाम आतून बाहेर जातो आणि परत आत येत नाही. शेजाऱ्याने नेलेल्या छत्रीसारखा, गेला तो गेला. असं कापड जगात इतरत्र बनतं म्हणे. पण आमच्या बनियनच्या कारखान्यात बनत नाही, तेव्हा आमच्यापुरता शोध माझाच.

मालकांना गाठून सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, करा, पण पॅकिंगचं काम सांभाळून. थोडक्यात, कारखान्यात नवीन विभाग सुरू झाला. विभागप्रमुख मी. विभागही मीच.

५ एप्रिल

विभागाला जागा मिळाली. जिन्याखाली. उभं राहिलं की डोकं आपटतं. हरकत नाही, बसून विचार करायची शिस्त लागेल.

दुपारी: डोकं आपटलं.

९ एप्रिल

कापड धुऊन-रंगवून देणारे प्रोसेसिंगवाले म्हणतात, तुमच्या वीतभर कापडासाठी मशीन थांबवता येणार नाही. मोठ्या कामात असे अडथळे यायचेच. आतल्या बाजूला लावायचं केमिकल कॅनमध्ये भरून घरी आणलं. बायको शाळेत (ती गणित शिकवते), सासूबाई झोपलेल्या. त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. गुडघा बरा झाला, पण त्यांना इथली हवा मानवली आहे.

घरचं वॉशिंग मशीन या कामाला उत्तम. नमुना सुंदर निघाला. मशीन नंतर धुऊन ठेवायला हवं होतं की काय, असं वाटून गेलं. पण चहा झाला होता.

१० एप्रिल

छोटीशी घटना. बायकोने रात्री घरातले सगळे टॉवेल मशीनला लावले होते. मशीनमध्ये उरलेलं केमिकल टॉवेलांना लागलं. सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या आणि बाहेर येईनात. आतून नुसता पुसण्याचा आवाज. टॉवेल पाणी टिपतच नव्हता, इकडचं तिकडे ढकलत होता. दुसरा मागितला, तोही तसाच. तिसराही. शेवटी त्या न्हाणीघराच्या खिडकीच्या पडद्याने अंग पुसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पालथ्या घड्यावर पाणी हे आजवर ऐकत आले होते जावईबापू, आज अंगावर घेतलं.

केमिकल उत्तम चालतं, याची नोंद केली.

बायको बोलत नाही. संकल्प: तिची माफी मागायची. कापड यशस्वी झाल्यावर मागितली तर जास्त शोभेल.

१६ एप्रिल

शर्ट शिवून तयार! रंग फिकट करडा. शिवणाऱ्या ताई म्हणत होत्या, काळा घ्या, करड्यावर ओलं फार दिसतं. त्यांना शांतपणे समजावलं की ताई, हा शर्ट ओला होतच नाही, तोच तर मुद्दा आहे. त्या काही बोलल्या नाहीत. पटलं असावं.

१७ एप्रिल

शर्ट घालून कामावर गेलो. मुद्दाम चालत, मुद्दाम उन्हातून, शेवटचा चढ मुद्दाम भरभर. पाठ कोरडी! छाती कोरडी! काखेबद्दल कोणी लिहीत नाही, पण मी लिहितो: कोरडी!

माणूस आतून कोरडा असला की चालण्यात रुबाब येतो आणि तो लोकांना जाणवतो. परतीच्या बसमध्ये एक आजी माझ्याकडे पाहून उठल्या आणि जागा देऊ लागल्या. मी नको म्हटलं, तरी हाताला धरून बसवलं.

२० एप्रिल

कारखान्यात माझा मान वाढतो आहे. वॉचमनने स्वतःची खुर्ची दिली. हिशेबनीस, जो मला कधी पेन देत नाही, तो आज साखर-मिठाचं पाणी घेऊन आला. मालकांनी केबिनमधून बाहेर येऊन विचारलं, तब्येत बरी आहे ना? महत्त्वाच्या माणसाला जपावंच लागतं.

काही जण मात्र कोपऱ्यात उभे राहून माझ्याकडे बघून कुजबुजत होते. हे लोक मला पाण्यात पाहतात हे माहीत होतं. आता तर उघडउघड.

२२ एप्रिल

मोठी बातमी. मालकांनी एक गिऱ्हाईक आणलं आहे. पुष्कळ जिम चालवणारी कंपनी आहे. तिथल्या खरेदीच्या मॅडम प्रात्यक्षिक बघणार. पसंत पडलं तर सगळ्या ट्रेनर लोकांचे शर्ट आपल्याकडे, आणि मला खिडकीवाली खोली. नाही पडलं, तर मी पॅकिंगमध्ये परत आणि कापड हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मालकांनी स्वतःचा शब्द टाकला आहे. दोन मशीनही माझ्या कापडासाठी मोकळी ठेवली आहेत. जाताना म्हणाले, माझं नाक कापू नका.

प्रात्यक्षिक मीच देणार. माझ्याइतका घाम दुसऱ्या कोणाला येतो?

२४ एप्रिल

सराव. गच्चीवर उड्या मारल्या. खाली आल्यावर सासूबाईंनी विचारलं, नळ फुटला का? म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. आमच्याकडचा आरसा चेहऱ्यापुरताच आहे. तेवढा पुरतो.

बायको आता एकेक शब्द बोलते. आज तिने आपणहून काळा शर्ट पुढे केला आणि म्हणाली, हा घाला. मी म्हटलं, माझ्या कापडावर विश्वास नाही वाटतं? पुन्हा अबोला.

२६ एप्रिल, संध्याकाळ. मुक्काम: हॉस्पिटल

घडलं ते क्रमाने लिहितो.

मॅडम, मालक, चार ट्रेनर. मी करडा शर्ट घालून व्यायामाच्या सायकलवर. एसी बंद करायला लावला. मॅडम म्हणाल्या, गरज नाही. मी म्हटलं, आहे.

सायकल मारायला लागलो. अंग कोरडं. वेग वाढवला. तरी कोरडं. मॅडम पुढे वाकून बघू लागल्या, तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाईक जाळ्यात आलं. आणखी वेग. मालकांचा चेहरा उतरत चालला होता, पण ते आनंदाच्या प्रसंगीही तसेच दिसतात. एक ट्रेनर म्हणाला, सर, उतरा. मी हसून हात हलवला. सायकलखाली पाणी साचलं होतं. मला वाटलं, कोणाची तरी बाटली सांडली.

मग चौघांनी मला उचलून जमिनीवर आडवं केलं. पाय उंच केले. मी ओरडलो, मी कोरडा आहे! कोणी नाडी धरली. मी पुन्हा ओरडलो, आतून कोरडा आहे! अँब्युलन्स आली. तिच्यातल्या नर्सने विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, काही नाही, मी कोरडा आहे. तिने कागदावर लिहिलं: दरदरून घाम. रुग्ण असंबद्ध बोलतो.

हृदय ठणठणीत निघालं. रात्रभर ठेवून घेणार आहेत. डॉक्टरांना माझ्या हृदयापेक्षा बोलण्याची काळजी वाटते.

२७ एप्रिल

एका ट्रेनरने काढलेला फोटो मालकांनी मोबाइलवर दाखवला. नुसता दाखवला.

विहिरीतून काढलेला माणूस. गळ्यापासून कमरेपर्यंत काळा-करडा, बाह्यांतून थेंब गळताहेत, आणि चेहऱ्यावर विजयी हसू.

मग एकेक आठवलं. बसमधल्या आजी. साखर-मीठ. खुर्ची. घाम बाहेर जातो हे मीच सगळ्यांना सांगत फिरत होतो. बाहेर म्हणजे लोकांसमोर, हे मात्र सुचलं नव्हतं.

काल बायको शाळेतून तशीच धावत आली होती, हाताला खडू लागलेला. आधी तिने माझ्या शर्टात आतून हात घातला. तिची बाही भिजली, पण तळवा कोरडा राहिला. ती म्हणाली, खरंच कोरडं आहे हो. आणि पलंगाच्या कडेला बसून रडली. मला वाटलं, आनंदाने. मी म्हटलं, बघ, सांगत नव्हतो? तेव्हा तिचा बांध फुटला. म्हणाली, मी इथे येईपर्यंत मेले होते. उठता बसता घाम, घाम. घाम काय जगात एकट्या तुम्हालाच येतो? वर्ष झालं, या वयात बायकांना होतं तसं मलाही होतंय. पहाटे उशी पिळून काढावी इतकी भिजते. तुम्ही शेजारीच झोपता ना?

मी शेजारीच झोपतो.



२९ एप्रिल

मॅडमचा निरोप आला. कापड उत्कृष्ट आहे, यात शंका नाही. पण जिममध्ये येणाऱ्याला कोरडं राहायचं नसतं, कोरडं दिसायचं असतं. ट्रेनरच असा दिसू लागला तर मेंबर पळतील. नकार.

जिन्याखालचा विभाग बंद. सामान हलवताना डोकं आपटलं.

मालक ओरडतील म्हणून तयारीत होतो. ते म्हणाले, जिवंत आहात ना, मग झालं. यापेक्षा ओरडले असते तर बरं.

२ मे

पॅकिंग. बनियनची घडी घालताना हात आपोआप चालतात. डोकं रिकामं राहतं, आणि रिकाम्या डोक्यात बायकोची उशी येते.

घरी आल्यावर माफी मागितली. टॉवेलांची आणि बाकीचीही. तिने ऐकून घेतली आणि विचारलं, ते कापड उरलंय का थोडं? मी म्हटलं, आहे. म्हणाली, अभ्रे शिवून द्या मला.

ऑर्डर मिळाली! पहिलीच. सासूबाई म्हणाल्या, शिंप्याकडे टाका. मी म्हटलं, छे, या कापडाचा स्वभाव माझ्याइतका कोणालाच कळत नाही. स्वतः शिवणार.

३ मे

दोन अभ्रे तयार. टीप वाकडी आहे, पण विज्ञान सरळ आहे. एक बायकोच्या उशीला घातला. तिने हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, मऊ आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून झोपली.

४ मे, सकाळ

उशी कोरडी ठणठणीत. बायकोचा गाल, कान आणि केस ओले चिंब.

उलट शिवलेत. कोरडी राहणारी बाजू उशीकडे, पाणी ओढणारी गालाकडे.

ती आरशासमोर उभी राहून इतकी हसली की सासूबाई न्हाणीघरातून विचारू लागल्या, आता काय केलं यांनी? तिला काही सांगता येईना, म्हणून मीच दाराशी जाऊन सांगितलं.

उसवायला बसलो आहे.